आमचे दुःख कोणाच्या कामाचे?

वस्तीत बाहेरचा माणूस वही किंवा कॅमेरा घेऊन आला की त्याचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. "तुमच्यावर काय काय अन्याय झाला, सांगा." वस्तीत किती जणांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, उपकेंद्रात नर्सताई कोणत्या वारी येतात, गटारीचे पाणी कोणाच्या दारात तुंबते, यंदा किती मुली दहावीला बसल्या, हे फारसे कोणी विचारत नाही. विचारले तरी छापून येते ती रडणारी आई. आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण असे की या सवयीची किंमत आपण आपल्या तब्येतीने मोजतो.

जत तालुक्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. डोक्यावर हंडा, कडेवर लेकरू आणि मागे भेगाळलेली जमीन, हे छायाचित्र उन्हाळा आला की वर्तमानपत्रात येते. हळहळ होते, टँकर येतो, पाऊस पडला की विषय मिटतो. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जतच्या ४० गावांची गोष्ट काढली. पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचा ठराव या गावांनी पूर्वी केला होता, असे ते म्हणाले. मुंबईत एकदम धावपळ झाली आणि विस्तारित म्हैसाळ योजनेच्या घोषणा झाल्या. सीमेचा वाद बाजूला ठेवा. बाईच्या कोरड्या हंड्याने इतकी वर्षे टँकर आणला आणि सरकारला जागचे हलवले ते गावांच्या ठरावाने. दुःखाचे चित्र पाहणाऱ्याला दया येते. मागणी ऐकणाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

समाजाला आपल्या दुःखाची कथा आवडते, कारण ती ऐकून त्याला चांगले वाटते. डोळे पुसले, चार शब्द लिहिले, देणगी दिली की आपण कर्तव्य केले असे ऐकणाऱ्याला वाटते. त्याचे मन हलके होते आणि सांगणाऱ्याचे जड होऊन बसते. शिवाय कालच्यापेक्षा आजची कथा जास्त भयंकर असावी लागते, नाहीतर कोणी ऐकत नाही.

खैरलांजीचे उदाहरण आपल्या सर्वांच्या काळजात आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भैयालाल भोतमांगे एकटे उरले. त्यांची कथा देशभर गेली. त्यांना ती किती जणांपुढे सांगावी लागली असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. म्हणजे जातीमुळे हे झाले, ही गोष्टच निकालात मान्य झाली नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून २५ वर्षांची जन्मठेप दिली. जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल हृदयविकाराने गेले. सगळ्या देशाने कथा ऐकली, तरी त्या माणसाच्या पदरात न्याय पुरता पडला नाही.

कोणी म्हणेल, मग आपण गप्प बसायचे का? गप्प बसून तर पिढ्या गेल्या. बाबासाहेबांनी स्वतः आपले अनुभव लिहून ठेवले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात मसूर स्टेशनचा प्रसंग आहे. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाला होता. मुले महारांची आहेत हे कळल्यावर स्टेशनमास्तर कसा दूर सरला, दुप्पट पैसे देऊनही गाडी मुलांनाच कशी हाकावी लागली, रात्रभर पाणी कसे मिळाले नाही, हे सारे त्यात आहे.

त्याच लेखनात बाबासाहेबांनी काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते १९२९ च्या डिसेंबरात 'यंग इंडिया'त छापून आले होते. शिक्षकाची बायको बाळंत होऊन आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. बाळंतिणीला वस्तीबाहेर आणल्यावर तो आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच क्रमाने तो परत गेला. डॉक्टरने दोन रुपये फी घेतली, न्यूमोनिया आहे म्हणून सांगितले, पण तो पुन्हा आला नाही. बाई दगावली.

हे लिहिताना बाबासाहेब कोणाकडे कीव मागत नाहीत. कोण, कुठे, केव्हा, काय केले, किती पैसे घेतले, हे ते वकिलासारखे मांडतात. ही साक्ष आहे. साक्ष कायद्याकडे नेते, आणि पुढे अस्पृश्यता बंद करणारे कलम १७ संविधानात आले. आपण आपले दुःख सांगू ते असे सांगावे.

सांगली जिल्ह्यातलेच दुसरे उदाहरण घ्या. एचआयव्ही रोखण्यासाठी १९९२ पासून संग्राम संस्थेने वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम केले. त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही त्या बायकांचीच संघटना उभी राहिली. देवदासी प्रथेतून आलेल्या कितीतरी जणी त्यात आहेत. आमची करुण कथा सांगून आम्हाला 'वाचवायला' येऊ नका, हे त्यांनी ठणकावून सांगितले. कंडोम वाटणे, बाईला सोबत घेऊन दवाखान्यात जाणे, तिथे अपमान झाला तर जाब विचारणे, ही कामे त्या स्वतः करू लागल्या. १६ जून १९३६ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत अशा भगिनींना हे जिणे सोडण्याचे आवाहन केले होते. त्याच्याशी या संघटनेची भूमिका जुळत नाही, त्यावर आपल्यात वाद होईल, व्हावा. पण आपली गोष्ट कोणी, कशासाठी सांगायची हे आपण ठरवायचे, एवढा धडा त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे.

आता तब्येतीचे पाहू. जबर धक्का बसलेल्या माणसाला तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावले तर त्रास वाढू शकतो. झोप उडते, छातीत धडधडते, अन्न जात नाही, माणूस चिडचिडा होतो किंवा मुका होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. काय घडले ते सांगण्यासाठी कोणावर दबाव आणू नये, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या, एवढेच तिचे सूत्र. तो स्वतःहून बोलला तर ऐका. नाही बोलला तर शेजारी बसा, पाणी द्या, घरी सोडा. आपले कार्यकर्तेही कधी कधी सभेत पीडित आईला माईकपुढे उभे करतात. हेतू चांगला असला तरी त्या रात्री तिला झोप लागते का, हे विचारायला कोणी जात नाही.

दुसरे नुकसान याहून मोठे आहे आणि ते घरोघरी आहे. भयंकर कथेलाच मान मिळतो, हे पाहून साध्या आजाराचा माणूस मागे राहतो. "आमचं काय एवढं मोठं दुखणं?" असे म्हणून आपल्या आया-बहिणी चक्कर येत असली तरी रानात जातात. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले, आणि गरोदर बाईचे ११ च्या खाली गेले, तर तो पंडुरोग, म्हणजे रक्त कमी असणे. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकीची तपासणी हवी, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. रक्तदाब वाढलेला असतो तेव्हा बहुतेकांना काही जाणवतच नाही. या आजारांची बातमी होत नाही, पण वस्तीतली माणसे यांनीच खंगतात.

दवाखान्यात आपली करुण कहाणी सांगावी लागत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. तिथे आपला आजार सांगायचा, केव्हापासून आहे ते सांगायचे, चालू गोळ्या दाखवायच्या. हात न लावता तपासले किंवा जात काढून बोलले तर तारीख, वेळ आणि काय घडले ते त्याच दिवशी लिहून काढा आणि लेखी तक्रार द्या. काठेवाडच्या त्या शिक्षकानेही शेवटी लिहिलेच होते.

बाहेरचा माणूस कथा मागायला आला तर त्याला चार प्रश्न विचारा. हे कुठे छापणार? नाव आणि फोटो देणार का? छापण्याआधी आम्हाला दाखवणार का? यातून आमच्या वस्तीला काय मिळणार? उत्तर पटले नाही तर "नको" म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. खरा अत्याचार झाला असेल तर आधी पोलिसांत फिर्याद द्या. तिची प्रत फुकट मिळते. साक्षीला जाण्यायेण्याचा खर्च मिळणे हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने दिलेला हक्क आहे. या कायद्याच्या मदतीसाठी १४५६६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे मोफत फोन आहेत.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार आर्यसत्यांवरच प्रश्न उभा केला आहे. जीवन दुःखच असेल तर माणसाला आशा कुठली, धम्म निराशेचा ठरतो का, असे त्यांनी विचारले. दुःख ओळखणे आणि ते दूर करणे, हे त्यांनी धम्माचे काम मानले. ओळखून तिथेच बसणे त्यांना मान्य नव्हते.

म्हणून येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात एक वही घाला. कोणाला रक्तदाब, कोणाला साखर, कोणाचे रक्त कमी, कोणत्या लेकराची लस राहिली, नर्सताई केव्हा आल्या आणि केव्हा आल्या नाहीत, हे तीत लिहा. वही विहाराच्या कपाटात राहू द्या, घरोघरीची नावे बाहेर जाऊ देऊ नका. सहा महिन्यांनी त्यातले नुसते आकडे घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आणि ग्रामसभेत जा. पुढच्या खेपेला कोणी "तुमची दुःखे सांगा" म्हणत आला, तर त्याच्यापुढे हेच आकडे ठेवा आणि हे छापणार का, ते विचारा.

जयभीम. नमो बुद्धाय.