नऊ, आठ, सात

'हेव्ही मेटल' नामक पाश्चात्य संगीताविषयीं आमच्या वयाच्या मंडळींचें मत एका शब्दांत सांगतां येतें: गोंगाट. तें अगदींच निराधार आहे असें मी म्हणत नाहीं. तथापि ज्यांनीं लहानपणीं लघु-गुरु मोजून वृत्तें घोकलीं, त्यांनीं 'टूल' या अमेरिकन वाद्यवृंदाचें 'लॅटरॅलस' हें गीत एकवार अवश्य ऐकावें.

चौघांचा हा वृंद १९९० सालीं लॉस एंजिलिस येथें स्थापन झाला. प्रस्तुत गीत त्यांच्या २००१ सालच्या त्याच नांवाच्या संग्रहांत असून तें नऊ मिनिटांहून अधिक चालतें. त्याच्या ध्रुवपदांत मात्रांचे गट ९, ८ व ७ असे पडतात. प्रथम श्रवणीं वाटतें कीं, वादकांचा तालच चुकला! परंतु तिन्ही गटांची बेरीज २४, म्हणजे तीन वेळां आठ. जो मनांत सरळ आठ-आठ मोजील तो मध्यें दोनदां अडखळेल आणि चोविसावी मात्रा संपतांच वादकांबरोबर समेवर येईल. गायत्रीचीं अक्षरेंही २४ आहेत. पण तेवढ्यावरून कोणी सिद्धान्त मांडूं नये.

या गटांवरून गीताचें आरंभींचें नांव '९-८-७' असेंच होतें. पुढें ध्यानांत आलें कीं, ९८७ ही फिबोनाची मालिकेंतील सोळावी संख्या होय. गायक मेनार्ड जेम्स कीनन यांच्या पदांतील अक्षरेंही त्याच मालिकेनें चालतात: १, १, २, ३, ५, ८ आणि मग उतरत ५, ३. अर्भकास आधीं काळें-पांढरें दिसतें, मागाहून रंग दिसूं लागतात, असा आशय आहे. दृष्टि विस्तारते तशी ओळही विस्तारते. येथें गणित केवळ अलंकार नव्हे.

फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा. त्यापूर्वीं विरहांकानें, आणि ११५० च्या सुमारास हेमचंद्रानें, मात्रावृत्तांचे प्रकार मोजतांना हीच मालिका मांडली होती. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. चार मात्रा किती प्रकारें भरतील? शेवटीं लघु ठेवल्यास आधींच्या तीन मात्रांचे प्रकार ३, गुरु ठेवल्यास आधींच्या दोन मात्रांचे प्रकार २, एकूण ५. मुलांना हें कागदावर करून दाखवावें. मात्र 'सारें आमचेंच!' असा घोष करणाऱ्यांस विनंति कीं, हे वादक आपलें छंदःशास्त्र वाचून गात नाहींत. खंत वाटावी ती निराळ्याच गोष्टीची. संस्कृतांत नव्वदांवर गुण मिळविणाऱ्या आमच्या किती मुलांना हेमचंद्राचें हें गणित ठाऊक आहे?

प्रत्यक्ष कार्यक्रमांत गायक पुढें येतच नाहीं. मागें ड्रमवादकाच्या बाजूस, अंधारांत उभा राहून गातो. २०१९ च्या दौऱ्यांत श्रोत्यांना शेवटच्या गीतापर्यंत मोबाईल खिशांत ठेवावा लागे. (आमच्या संगीतसभांच्या चालकांनीं हा नियम जरूर उचलावा.) ड्रमवादक डॅनी कॅरी हे आलोक दत्त यांच्याकडे तबला शिकलेले. त्यांच्या ठेक्यावर माना डोलावूं लागलेले नवखे श्रोते नऊच्या वळणावर चुकतात, पुढच्या आठाच्या वळणावर पुन्हां चुकतात, आणि सातावर मात्र सारे एकदम समेवर येतात.