बाबा विचारत, गाव बोले

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की वाटेत वलगाव लागते. कापूस-तुरीच्या मुलखातले, पेढी नदीच्या काठचे हे गाव. २० डिसेंबर १९५६ रोजी आजारी गाडगेबाबांना मोटारीतून अमरावतीला नेले जात होते. अमरावती गाठण्याआधीच, वलगावजवळ पेढीच्या काठी, बाबांनी देह ठेवला. चौदाच दिवस आधी, ६ डिसेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले होते. एका पंधरवड्यात महाराष्ट्राने आपले दोन मोठे शिक्षक गमावले. एक जगातल्या नामांकित विद्यापीठांत शिकलेला, दुसरा निरक्षर.

२० डिसेंबर ही बाबांची पुण्यतिथी. २३ फेब्रुवारी २०२६ ला त्यांच्या जन्माला दीडशे वर्षे पूर्ण होतात. म्हणजे पुण्यतिथी ते जयंती हे दोन महिने कार्यक्रमांचे असतात. हार चढतात, मिरवणुका निघतात, मान्यवर हाती खराटा धरून छायाचित्र काढून घेतात. खराट्याबद्दल आमची तक्रार नाही. २०००-०१ पासून राज्यात बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालले आणि गावागावांत त्याने चांगली चुरस लावली. अमरावतीच्या विद्यापीठालाही बाबांचे नाव मिळाले. खराटा शासनाने घेतला, नाव विद्यापीठाने घेतले. पण ज्या कलेच्या जोरावर हा माणूस पन्नास वर्षे महाराष्ट्र हलवत राहिला, ते कीर्तन कोणी घेतले?

वऱ्हाडाने आजवर पुष्कळ मोठे कार्यक्रम ऐकले. रात्र रात्र चाललेली भजने ऐकली, कव्वालीचे मुकाबले ऐकले, आंबेडकरी जलसे ऐकले, गझलेच्या मैफली ऐकल्या. त्या साऱ्यांत गाडगेबाबांच्या कीर्तनाच्या तोडीचे दुसरे काही झाले नाही, असे आम्ही बेलाशक म्हणतो. सिंहाला वनात पाहावे तसे बाबांना कीर्तनात पाहावे, अशा अर्थाचे आचार्य अत्र्यांनी लिहून ठेवले आहे. अत्रे स्वतः सभा जिंकणारे वक्ते. गर्दी कशी धरायची हे ज्याला ठाऊक होते, त्याने दिलेली ही पावती आहे.

ते कीर्तन होते तरी कसे? नारदीय कीर्तनात पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो, पेटी-तबल्याची साथ असते. वारकरी कीर्तनात हाती वीणा, मागे टाळकरी, बाजूला पखवाज आणि निरूपणाला एक अभंग असतो. बाबांनी दोन्ही चौकटी बाजूला ठेवल्या. चिंध्यांचे कपडे, हाती काठी, जवळ ते गाडगे. दुपारी बाबा गावात शिरत आणि कोणाशी फारसे न बोलता रस्ता झाडू लागत. कोण हा वेडा, म्हणून पोरे मागे लागत. मग मोठी माणसे येत. एखादा ओशाळून दुसरा झाडू घेई. संध्याकाळपर्यंत चौक लख्ख होई आणि त्याच चौकात रात्री कीर्तन उभे राही. श्रोत्यांना बसायची जागा कीर्तनकाराने स्वतः झाडलेली असे आणि अनेकदा श्रोत्यांनीही. कार्यक्रमाची सुरुवात अशी दुपारीच झालेली असे, त्यांना कळायच्या आत.

कीर्तनाचा आरंभ नामगजराने. टाळ्यांवर ठेका धरला जाई, ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’ हे सुप्रसिद्ध भजन हजारो गळ्यांतून निघे. लय चढे आणि ऐन रंगात बाबा हात वर करून सगळे थांबवत आणि प्रश्न विचारत. देव किती? गर्दी एका आवाजात म्हणे, एक. मग तुमच्या गावात खंडोबा आहे का? आहे. भैरोबा? आहे. मरीमाय? तीही आहे. मग आता झाले किती? आधी हशा उठे, मग शांतता, आणि मग कोणीतरी हळूच मान खाली घाले. वकिलाने उलटतपासणी घ्यावी तसा हा प्रकार, फक्त इथे साक्षीदार हजारभर असत आणि सगळे हसत हसत आपल्याच विरुद्ध साक्ष देत. सत्यनारायणाने पोथीतल्या साधुवाण्याची बुडालेली नौका वर काढली ना, मग महायुद्धात बुडालेली एवढी जहाजे आहेत, तीही काढून द्या म्हणावे! यावर वाद घालायला कोणता पुराणिक उभा राहणार?

हे सारे वऱ्हाडी बोलीत. देबूजी झिंगराजी जानोरकर अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे; वाढले मामाकडे, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. गुरे राखली, औत हाकले, सावकाराचा फास जवळून पाहिला. १९०५ च्या फेब्रुवारीत घर सोडले तेव्हा बरोबर पोथी नव्हती, आणि असती तरी वाचता आली नसती. तुकोबा आणि कबीर त्यांना मुखोद्गत होते, बाकीची भाषा शेताच्या धुऱ्यावरची. ही बोली त्यांनी पंढरपुरात बदलली नाही, कोकणात बदलली नाही, मुंबईतही नाही. वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला तिच्यातले चार शब्द अडत असतील. प्रश्न कोणालाच अडला नाही.

कीर्तनकाराचा कस कशात असतो, याची एक गोष्ट जुन्या पिढीला पाठ आहे. १९२३ साली कोकणात खारेपाटणला बाबांचे कीर्तन चालू असताना त्यांचा एकुलता मुलगा गोविंदा गेल्याचा निरोप आला. माणसे चपापली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. अशी किती लेकरे रोज जातात, एकट्यासाठी काय रडायचे, एवढाच आशय बोलून ते पुढे गेले. ही गोष्ट वैराग्याचा नमुना म्हणून सांगितली जाते. आम्हाला तिच्यात आणखी एक दिसते. समोर बसलेल्या माणसांचा त्या रात्रीवर हक्क आहे, असे हा कलावंत मानत होता.

आणि कीर्तन संपले की बाबा तिथे नसत. लोक पाया पडायला उठेपर्यंत ते गावकुसाबाहेर पडलेले असत. शिष्य केला नाही, गादी चालवली नाही. कीर्तनातून लाखोंच्या देणग्या उभ्या राहिल्या. त्यांतून ऋणमोचनला पूर्णेचा घाट झाला, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा झाल्या, मुंबईत दवाखान्याला येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारे झाले. सारे विश्वस्तांच्या हाती दिले. घरच्यांचा त्यात वाटा ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

सुदैवाने ही कला अगदीच हवेत विरलेली नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे कीर्तन झाले आणि त्याचे ध्वनिमुद्रण झाले. बाबा तेव्हा ऐंशी ओलांडलेले. पुढे दीड महिनाही उरला नव्हता. ते ध्वनिमुद्रण आज कोणालाही मोबाइलवर ऐकता येते. आवाज खरखरीत आहे, यंत्राची खरखर त्यात मिसळली आहे. ऐकताना एका गोष्टीकडे कान द्यावा: प्रश्न विचारल्यावर बाबा थांबतात. उत्तर येईस्तोवर पुढे जात नाहीत. उत्तर पुटपुटत आले तर पुन्हा विचारतात. त्या थांबण्यात गर्दी बोलू लागते, आणि एकदा बोलू लागली की तिला गप्प बसवत नाही. या कीर्तनाचा निम्मा वाटा श्रोत्यांच्या तोंडी होता.

१९७७ साली राजदत्त यांनी ‘देवकीनंदन गोपाला’ चित्रपट काढला, डॉ. श्रीराम लागूंनी त्यात बाबा उभे केले. गो. नी. दांडेकरांनी चरित्र लिहिले, प्रबोधनकार ठाकऱ्यांनी तर बाबांच्या हयातीतच लिहिले होते. ही सारी कामे मोलाची. पण पडद्यासमोर आणि पुस्तकासमोर माणूस गप्प असतो. बाबांच्या समोर गप्प बसायची सोय नव्हती.

श्रोत्यांना वाटा देण्याची ही रीत वऱ्हाडच्या मातीतलीच असावी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यावलीचे, आश्रम मोझरीचा. त्यांची खंजिरी कडाडली की भजनाचे ध्रुपद अख्खे गाव उचलून धरी. १९४२ च्या स्वातंत्र्य चळवळीत चिमूर-आष्टी पेटले तेव्हा इंग्रज सरकारने या खंजिरीवाल्याला नागपूर-रायपूरच्या तुरुंगात टाकले. भजनाचा धसका सरकारने घ्यावा, अशी ती भजने होती. अकोटचे सत्यपाल महाराज आज एकट्याने सात खंजिऱ्या वाजवतात. खंजिऱ्यांची ती फैर ऐकायला पोरे पुढे येऊन बसतात, आणि बसली की हुंडा, दारू, बुवाबाजी, खर्रा यांवरचे चिमटे सोसतात. २०१७ साली मुंबईत कार्यक्रमानंतर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. बरे होऊन ते पुन्हा उभे राहिले. गझलेचेही तेच. सुरेश भट अमरावतीचे, गझल गाणारे भीमराव पांचाळे याच जिल्ह्यातले. पांचाळेंच्या मैफलीत शेराची पहिली ओळ दोनदा-तीनदा येते, कारण दुसरीचा शेवट श्रोत्यांनी आधीच मनात जुळवायचा असतो. जुळला की दाद फुटते. भजन असो, कीर्तन असो की गझल, वऱ्हाडी श्रोता नुसता ऐकत नाही, मध्ये बोलतो.

हा श्रोता आता कुठे आहे? आपल्याकडच्या जयंत्या-पुण्यतिथ्यांचा ठरलेला थाट पाहा. उंच व्यासपीठ, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर संतापेक्षा मोठे आयोजकांचे चेहरे. पहिला दीड तास सत्कार: शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. साऊंडवाल्याचे बॉक्स एवढे की शेजारच्याशी बोलता येऊ नये. मग नामवंत कीर्तनकार येतात, विनोद करतात, लोक हसतात, मोबाइल वर धरून चित्रण करतात आणि घरी जातात. कलावंताने मानधन घेऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. त्यालाही घर आहे, साथीदार आहेत, गाडीचे डिझेल आहे. आवाज मागच्या रांगेपर्यंत जायला बॉक्सही हवेत. दुखणे वेगळे आहे. लोकांना कोणी काही विचारत नाही. सासू-सुनेच्या नकलेवर हसणे आणि देव किती या प्रश्नावर हसणे यांत फरक हा की, दुसऱ्या हसण्यानंतर माणसाला उत्तर द्यावे लागते.

बाबा कर्जाबद्दल पुन्हा पुन्हा विचारत. ऋण काढून सण का करता, लग्नात घर का धुऊन काढता, भांडी विका पण पोराला शाळेत घाला, बायकोला स्वस्तातले लुगडे घ्या पण वही-पाटीला कमी करू नका, हा त्यांचा धोशा. अमरावती विभागात गेल्या अडीच-तीन दशकांत शेतकऱ्यांनी जे सोसले, ते पाहता हा प्रश्न आजही ताजा आहे. पण तो आहे तसा, फक्त शेतकऱ्याला विचारून भागणार नाही. लग्नाचा मांडव त्याने छोटा केला, तरी कपाशीचा भाव त्याच्या हाती नाही, पाऊस नाही, ओलिताची सोय नाही. बाबांच्या काळी प्रश्न चौकात बसलेल्यांना होते, कारण सत्ता दूर होती. आज सत्ता व्यासपीठावर खुर्ची टाकून बसलेली असते. तेव्हा काही प्रश्न तिकडेही वळले पाहिजेत. कापसाचा भाव कोण ठरवतो? गावातली शाळा का ओस पडली? उत्तर येईस्तोवर थांबायची बाबांची रीत तिथेही लागू करावी.

पुण्यतिथी ते जयंती असे दोन महिने हाती असतात. वलगावने, आणि वलगावसारख्या प्रत्येक गावाने, एवढे करून पाहावे. शाळांत वांद्र्याचे ते कीर्तन ऐकवावे, आणि प्रत्येक प्रश्नानंतर गुरुजींनी यंत्र थांबवावे. उत्तर वर्गातून येऊ द्यावे. पोरे काय उत्तरे देतात ते ऐकून गुरुजीही चक्रावतील. गावातल्या कार्यक्रमाला व्यासपीठच नको. कीर्तनकार आणि पाहुणे लोकांच्यात, सतरंजीवर. जागा दुपारी सगळ्यांनी मिळून झाडायची, छायाचित्रकार येण्याआधी. शहरातून कीर्तनकार बोलावणे परवडत नसेल तर गावातलाच एखादा बोलका माणूस उभा करावा, मग तो भजनी मंडळातला असो की अंगणवाडीतल्या ताई असोत. गाता नाही आले तरी चालेल. विचारता आले पाहिजे, आणि विचारून थांबता आले पाहिजे.

आणि सत्कार करायचेच असतील तर ते सगळ्यांत शेवटी, कीर्तन संपल्यावर करावेत. बाबांच्या पायावर डोके टेकायला आलेल्यांना बाबा कधी सापडले नाहीत. सत्काराची यादी वाचायला हल्ली जेवढा वेळ जातो, तेवढ्यात त्यांचे निम्मे गाव झाडून झालेले असे.