आधी अँटेना मोजा



शेतातल्या सेन्सरचा संदेश पोचत नसेल तर जास्त ताकदीचा रेडिओ घ्यावा, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला पटला नाही. एसएक्स १२७६ ही लोरा रेडिओची चिप १३ डीबीएमवर साधारण २९ मिलिअँपिअर घेते, २० वर १२०. म्हणजे वीज चौपट आणि पल्ला, तोही मोकळ्या रानात, जेमतेम सव्वादोनपट. द्राक्षवेली पानांनी भरल्या की तेवढाही मिळत नाही. पल्ल्यासाठी लोराची स्प्रेडिंग फॅक्टर ही सेटिंग वाढवावी, तर दर पायरीला प्रक्षेपणाचा वेळ जवळपास दुप्पट होतो, सेल बसतातच.

आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरता येते. तिथे अँटेनाची लांबी, म्हणजे पाव तरंगलांबी, साडेआठ सेंटिमीटरच्या किंचित वर भरते. माझ्या द्राक्षबागेतल्या सेन्सर नोडसोबत चक्क ४३३ मेगाहर्ट्झची अँटेना आली होती! (विक्रेत्याचे नाव कशाला?) ती काढून ८.६ सेंटिमीटरची तांब्याची तार सोल्डर केली, नोडची डबी मांडवाच्या वर नेली. त्याच दोन सेलवर संदेश शेडपर्यंत येऊ लागले. डबी मात्र प्लॅस्टिकची हवी, पत्र्याची नको.

पत्रलेखकांनी नवे मॉड्यूल मागवण्याआधी फूटपट्टी घेऊन अँटेना मोजावी आणि आकडा याच सदरात कळवावा.

— एक द्राक्ष बागायतदार, निफाड