तृणाच्या पोटातील सोयरा

‘तृणवत् लेखणे’ म्हणजे तुच्छ मानणे. आपल्या तुयेच्या सड्यावर पहिल्या पावसासरशी उगवणारे गवत आपण असेच पायांखाली तुडवितो. परंतु त्या काडीच्या आत केवढा संसार चाललेला असू शकतो हे कळले, म्हणजे हा वाक्प्रचार वापरताना जीभ अडखळावी.

भातावरील ‘उदबत्ता’ रोगाचेच उदाहरण घ्या. या रोगाची बुरशी रोपाच्या अंतरंगात मुकाट्याने वाढते. लोंबी बाहेर पडते ती मात्र उदबत्तीसारखी ताठ, कडक आणि दाण्यावाचून! १९१४ साली या बुरशीचे शास्त्रीय वर्णन झाले. तिच्याच कुळातील ‘एपिक्लोई’ ही बुरशी थंड प्रदेशांतील गवतांत राहते. तिच्या अनेक जाती घरधन्याला अपाय न करता, उलट विषारी द्रव्ये निर्माण करून किडींपासून त्याचे रक्षण करतात.

एकाच कुळात एक वैरी आणि एक सोयरा, हे कसे? जी बुरशी आपले बीजाणू उधळून दुसऱ्या रोपावर जाऊ शकते, तिला घरधन्याच्या दाण्याची पर्वा नसते. जिला मात्र गवताचे बी हाच पुढील पिढीत जाण्याचा एकमेव मार्ग, तिचे दैव त्या बीजाशी बांधलेले असते. म्हणून पिढ्यानुपिढ्या सौम्य वाणच टिकत गेले. २०१३ साली या कुळातील १५ बुरशींचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, ताडून पाहण्यात आले. विषद्रव्ये घडविणाऱ्या जनुकांभोवती पुनःपुन्हा येणारे तुकडे आढळले. तेथे जनुकांची भर पडते, काही गळतात आणि नवी द्रव्ये उपजतात. कित्येक एपिक्लोई तर दोन जातींच्या संकरातून जन्मल्या आहेत. २०२० साली याहून नवल उघडकीस आले. गव्हाच्या एका रानटी आप्ताला ओंबीच्या रोगापासून वाचविणारे जनुक एपिक्लोईकडून आलेले दिसले. भाडेकरूने घरात ठेवा सोडावा, तसाच हा प्रकार!

कोणी म्हणेल, बियाणे पेटीत जपले की काम भागले. आमच्या मते ते पुरेसे नाही. साठविलेले बी जिवंत राहते, पण त्याच्या आतील एपिक्लोई त्याआधीच मरते. उष्ण व दमट हवेत तर फारच लवकर. भाताच्या निरोगी रोपांतही नाना बुरशी नांदतात. म्हणून खाजनातील खाऱ्या पाण्याला दाद न देणारे आपले कोरगूट भात पेटीत ठेवून भागणार नाही. ते दरवर्षी शेतात पेरलेही पाहिजे.

सड्याचेही तसेच. मोपाच्या सड्यावर २०२३ सालापासून विमाने उतरू लागली आहेत. विकासाला आमचा विरोध नाही. परंतु उरलेल्या सड्यांचा काही भाग गवतासाठी अस्पर्श राहावा, हा आमचा आग्रह आहे. गवत उपटले की त्याच्या पोटातील जनुकांची पोथीही न वाचताच नष्ट होते.

विद्यार्थीमित्रहो, येत्या पावसाळ्यात आपल्या वाड्यावरील गवतांची एक नोंदवही करा. नाव, जागा, फुलोऱ्याचा महिना आणि रोगाची खूण, एवढे टिपले तरी पुष्कळ. उद्याच्या अभ्यासकाला तीच पहिली वाट दाखवील.