आधी माणसे, मग आसने

गेल्या पावसाळ्यात ६२ वर्षांच्या एक बाई पाठ धरून ओपीडीत आल्या. पडल्या नव्हत्या, जड काही उचलले नव्हते. सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी भरणाऱ्या योगवर्गात पश्चिमोत्तानासन करताना पाठीत कळ आली, एवढेच. एक्स-रेमध्ये एक मणका पुढच्या बाजूने चेपलेला दिसला. हाडे आधीच ठिसूळ झालेली होती. ‘‘डॉक्टर, योग करा म्हणून तुम्हीच तर सांगितलंत,’’ त्या म्हणाल्या. केसपेपरची जुनी पाने उलटून पाहिली. माझ्याच अक्षरात लिहिलेले होते : योग, रोज अर्धा तास. गोळी लिहिताना मी मात्रा लिहितो, जेवणाआधी की नंतर तेही सांगतो. योग लिहिताना मात्र नुसते नाव लिहून मोकळा झालो होतो.

वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेचाही दोष काढता येत नाही. त्यांना शिकवलेला क्रम त्यांनी इमानाने करून घेतला. प्रश्न आहे तो क्रम कोणासाठी आखला होता, हा.

क्रमाला अर्थ असतोच. २१ जूनच्या योगदिनी देशभर होणारा आयुष मंत्रालयाचा ४५ मिनिटांचा अभ्यासक्रम पाहा. सुरुवातीला मान, खांदे, कंबर, गुडघे मोकळे करायचे. मग उभ्याने करायची आसने, मग बैठकीची, मग पोटावरची, शेवटी पाठीवरची आणि शवासन. त्यानंतर प्राणायाम आणि ध्यान. पादहस्तासनात पुढे वाकले की लगेच अर्धचक्रासनात मागे, उष्ट्रासनानंतर शशांकासन. उभ्यावरून जमिनीवर एकदाच उतरायचे, हा त्यातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा भाग. अनेक वर्गांत दर पाच मिनिटांनी उठबस चालते. तरुणांना त्याने काही होत नाही. गुडघे दुखणाऱ्यांचा आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा मात्र निम्मा दम त्यातच जातो.

पहाटेच्या वर्गाला आणखी एक पथ्य हवे. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यावर पहिला तासभर कंबरेतून खोल पुढे वाकले तर त्यांच्यावर जास्त ताण येतो. म्हणून सहाच्या वर्गात सव्वासहालाच पायाचे अंगठे धरायला लावू नयेत. आधी चालणे, हात-पाय फिरवणे, ताडासन. वाकणे उशिरा आणि बेताने.

ठिसूळ हाडांच्या बाबतीत तर बेताने म्हणूनही भागत नाही. कण्याची हाडे विरळ झालेल्या ५९ स्त्रियांचा अभ्यास अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. पाठ मागे ताणणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींचे मणके नव्याने चेपले. फक्त पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ८९ टक्के होते. हा दुसरा गट अवघ्या नऊ जणींचा होता, त्यामुळे आकडा जपून वाचायला हवा. पण दिशा स्पष्ट आहे. अशा बाईंच्या वर्गात भुजंगासन, शलभासन सोसेल तेवढे राहावे. पश्चिमोत्तानासन, हलासन गाळावे. ‘पुढे वाकलो की मागे वाकायचे’ हा समतोल तिच्या कण्याला लागू पडत नाही.

शीर्षासनात डोळ्यांतला दाब साधारण दुप्पट होतो, हे मोजून दिसलेले आहे. डोके खाली जाणाऱ्या इतर आसनांतही तो वाढतो. काचबिंदू असलेल्याला हे सांगायलाच हवे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन रिकाम्या पोटी येणाऱ्याला मध्येच घाम फुटला, तर तो योगाचा घाम समजू नये.

आता शवासनाविषयी. सगळ्यांत निरुपद्रवी वाटणारे हे आसन. पण गडबड होते ती उठताना. आडवा माणूस उभा राहिला की अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. तरुण शरीर ते क्षणात सावरते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थांना मात्र डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून आधी कुशीवर वळावे, अर्धा मिनिट थांबावे, हाताच्या आधाराने बसावे, मिनिटभराने उभे राहावे. वर्गाच्या वेळेत यासाठी तीन मिनिटे राखून ठेवावी लागतात. ‘चला, उठा’ म्हणून संपवण्याची ही जागा नव्हे.

ज्येष्ठांच्या वर्गांत मला नेहमी उणीव दिसते ती पायांची. बसून वाकणे आणि प्राणायाम भरपूर. मांड्यांना जोर आणि तोल यांसाठी जवळजवळ काहीच नाही. या वयात खुब्याचे हाड मोडते ते तोल गेल्यामुळे. भिंतीला हात लावून वृक्षासन, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, हे वर्गाच्या मध्यावर, अंग तापलेले पण दमलेले नसताना ठेवावे. खुर्ची घेणे कमीपणाचे मानतात, हे मला कळत नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, पट्टे, ठोकळे, खुर्च्या वापरूनच जगाला आसने शिकवली. आणि लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केले ते आसनांचे परिणाम मोजून पाहण्यासाठीच. तेव्हा शंका विचारल्याने योगाचा अवमान होत नाही.

बाईंचा मणका भरून आल्यावर त्या वर्गात परतल्या. त्याआधी शिक्षिका स्वतः ओपीडीत आल्या होत्या. केसपेपरच्या मागे आम्ही मिळून त्यांच्यासाठी वेगळा क्रम लिहिला. आता वर्गात एक वही आहे. नव्याने येणाऱ्याने गोळ्या कोणत्या, ऑपरेशन कोणते, चक्कर येते का आणि डोळ्यांत थेंब घालता का, एवढे लिहायचे. परवा शिक्षिकेचा फोन आला, ‘‘डॉक्टर, तिघांनी थेंब लिहिलेत. त्यांना हलासनाऐवजी काय देऊ?’’ पाठीवर झोपवून एकेक पाय उचलायला सांगा, डोके जमिनीलाच राहू द्या, म्हटले. त्या तिघांपैकी एकाने दोन वर्षांत डोळ्यांचा दाब तपासलेला नाही, हेही त्याच फोनवर कळले.