बोट घेतली, पण पेट्रोल कोण टाकणार?

मंडळी, मे महिना लागला. आता मान्सूनपूर्व आढावा बैठका सुरू होतील. टेबलावर पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर पीपीटी आणि त्यात एक ओळ ठरलेली असते : 'बचाव साहित्य सज्ज'. आज त्या एका ओळीवरच लिहायचंय.

बीडमध्ये बोट म्हटलं की लोक हसायचे. टँकरचा जिल्हा, ऊसतोडीचा जिल्हा, इथं बोट कशाला? सप्टेंबर २०२५ नंतर हसणं बंद झालं. आष्टी तालुक्यात कड्याच्या परिसरातल्या माणसांना लष्कराच्या हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. महिनाअखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि गेवराई, माजलगावची गोदाकाठची गावं जीव मुठीत धरून बसली. असं काही झालं की बोटीची मागणी होते. मग बोट येते, हार-नारळ होतो, फोटो निघतो. येऊ द्या, बोट पाहिजेच. माझा प्रश्न दुसऱ्या दिवसापासूनचा आहे.

मागं एका कार्यालयाच्या शेडमध्ये मी अशी बोट पाहिली. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही, कारण दोष तिथल्या माणसाचा नव्हता. रबरी बोट घडी घालून कोपऱ्यात, तिच्यावर जुन्या फायलींचे गठ्ठे. शेजारी इंजिन. दोरी ओढून ओढून शिपाई घामाघूम झाला, इंजिन काही बोललं नाही. तिथला कारकून म्हणाला, "खरेदीला हेड होतं, दुरुस्तीला नाही."

झालं! सगळं दुखणं एवढ्यातच आहे.

बोटीचं इंजिन म्हणजे काही तिजोरी नाही, की कुलूप लावलं आणि विसरलं. टाकीत राहिलेलं पेट्रोल चार-सहा महिन्यांत खराब होतं, कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो. इंजिन गार ठेवणाऱ्या पंपातलं रबरी चक्र पडून पडून कडक होतं. पुराच्या गढूळ पाण्यात चालवलं की गाळ आत जातो, स्वच्छ पाण्यानं धुवावंच लागतं. घडीत पडलेलं रबर चिरतं, उंदीर कुरतडतात. लाइफ जॅकेटचे पट्टे कुजतात. पिंपात पाणी भरून दर पंधरवड्याला इंजिन दहा मिनिटं चालवलं तरी पुष्कळ वाचतं. पण त्या दहा मिनिटांचं पेट्रोल कुणाच्या खिशातून?

बोटी बाळगणारे ढोबळमानानं किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला धरतात. समजा बोट-इंजिन मिळून आठ लाखांचं, तर वर्षाला ऐंशी हजार. आपला शेतकरी बैल घेताना आधी वैरणीचा हिशोब करतो. सरकारला तो का जमू नये?

काही जण म्हणतील, वर्षातून दोन दिवस लागणारी वस्तू, तिच्यावर एवढा खर्च? अहो, ती त्या दोन दिवसांसाठीच घेतलीय! आणि पैसा नाही हेही खरं नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी राज्याच्या आपत्ती जोखीम निधीतला १० टक्के वाटा पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीसाठीच सांगितला होता. म्हणजे तयारीवर खर्च करायचा असतो हे कागदावर मान्य आहे. खरेदीचं बिल दिसतं, सर्व्हिसिंगचा फोटो निघत नाही, एवढीच अडचण.

आणि चालवणार कोण? ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. बोट होती, पण माणसं क्षमतेपेक्षा जास्त भरलेली. किती माणसं घ्यायची, कुणाला थांबवायचं, हे ठामपणे सांगणारा तयार माणूस बोटीइतकाच लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगाव धरणात बुडालेल्या डॉक्टरांचा शोध घ्यायला पथक थेट कोल्हापूरहून आलं होतं, त्यातला एक जवान आपल्याच पाण्यात गेला. माजलगाव धरणावर रोज जाळी टाकणारी भोई समाजाची पोरं आहेत. पाण्याची नस त्यांना ठाऊक. त्यांना प्रशिक्षण द्या, विमा काढा, पावसाळ्याचे चार महिने मानधन द्या. पूर आला की फोन करायचा आणि नंतर शाल-श्रीफळ द्यायचं, हे बंद करा.

सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. प्रश्न चारच : जिल्ह्यात बोटी किती आणि कुठं, प्रत्येकीचं इंजिन शेवटचं कधी चालू केलं, गेल्या तीन वर्षांत देखभालीवर खर्च किती, चालक कोण. तुमच्या गावात, तहसीलला, नगरपालिकेत बोट असेल तर जाऊन बघा आणि इंजिन चालू होतंय का ते कमेंटमध्ये सांगा. चालू होत असेल तर तेही लिहा, त्या कर्मचाऱ्याचं नाव कौतुकानं छापीन.