कळ दाबणे व कळ सोसणे

आमच्या जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्यात टिपलेले काळविटाचे एखादे सुरेख छायाचित्र वर्गात दाखविले की, "कॅमेरा कोणता?" हाच प्रश्न बहुधा प्रथम येतो. काळवीट दृष्टीस पडेपर्यंत किती वेळ बसावे लागले, हे विचारणारा विद्यार्थी विरळा.

ही वृत्ती आजची नव्हे. 1888 साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी 'कोडॅक' कॅमेरा विक्रीस आणला. त्यात शंभर चित्रांपुरती फिल्म भरलेली असे. ती संपली की सबंध पेटीच कारखान्यात धाडावयाची. गिऱ्हाइकाने फक्त कळ दाबावी, बाकीचे आम्ही पाहू, अशी त्यांची जाहिरात होती. त्यापूर्वी ओल्या काचेवर चित्र घेणारास रसायने व काळोखा तंबू बरोबर वागवावा लागे. ते ओझे गेले याची आम्हांस मुळीच खंत नाही. निष्कारण कष्टांत पुण्य आहे, असे आम्ही मानीत नाही. मात्र लोकांस ही सोय मिळावी म्हणून खुद्द ईस्टमन दिवसा बँकेत कारकुनी करून रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग करीत, हे कोणी ध्यानात घेत नाही.

आपल्याकडील दादासाहेब फाळके यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. चित्रपटास भांडवल मिळावे म्हणून 1912 च्या सुमारास त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडेथोडे चित्रण केले. पडद्यावर अंकुर फुटून रोप वाढले ते क्षणार्धात! पाहणारांनी तो क्षण पाहिला. फाळक्यांनी महिना पाहिला होता.

सोयाबीन हाती येण्यास शंभर दिवस लागतात, हे वाशिमच्या शेतकऱ्याच्या मुलास कोणी शिकवावे लागत नाही. तोच मुलगा परीक्षेला आठ दिवस उरले असता 'अपेक्षित' प्रश्नांचे पुस्तक शोधीत गावभर हिंडतो, आणि वडीलही त्यास पैसे देतात, याचे आम्हांस नवल वाटते.

आता मोबाइल उजेडाचा अंदाज आपणच घेतो, हे खरे. परंतु कोठे उभे राहावे, चित्रात काय घ्यावे, किती थांबावे, हे त्यास कोण सांगणार? म्हणून मुलाच्या छंदासाठी महागडा फोन घेऊ पाहणाऱ्या पालकांस आमची विनंती आहे की, प्रथम त्याजकडून कुंडीत हरभऱ्याचे चार दाणे पेरवावे आणि घरी असेल त्याच फोनने, रोज एकाच जागेवरून, महिनाभर चित्रे काढवावी. ती चित्रे पुढील अंकासाठी आम्ही अगत्याने पाहू. सोबत फोनचे नाव कळवू नये. तारीख व वेळ मात्र अवश्य लिहावी.